अंदमानची सहल: आधी बोटी, मग हॉटेल

‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येते आणि उकाड्याने वैतागलेल्या महाराष्ट्राला जरा हायसं वाटतं. त्याच आठवड्यात मुलाबाळांना घेऊन अंदमानात उतरणाऱ्यांच्या मात्र सहलीचा विचका होतो. समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं, बोटी रद्द होतात. शाळेची उन्हाळी सुट्टी गाठून जायचं असेल तर परतीचं विमान १५ मेच्या आतलं घ्या. पुढे जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं सुरू होतात, म्हणजे नेमकी आपली दिवाळीची सुट्टी. दिवाळीत जाऊच नये असं नाही. बरेचदा चार दिवस लख्ख ऊन मिळतं, पण तो जुगार आहे हे माहीत असावं. २०१६च्या डिसेंबरमध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली होती.

सगळ्यात भरवशाचे महिने म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र शांत असतो, पाण्याखालचं स्वच्छ दिसतं आणि बोटी वेळेवर सुटतात. मुलांच्या परीक्षांमुळे हे महिने जमत नाहीत, तेव्हा परीक्षा संपल्यावरचा एप्रिल हा चांगला मध्यममार्ग. उकाडा असतो, पण तो मुंबईतही असतोच.

आता नावांचा गोंधळ मिटवून टाकू. २०१८च्या डिसेंबरमध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. २०२४च्या सप्टेंबरमध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. सरकारी कागदांवर नवी नावं दिसतील. रिक्षावाले, हॉटेलवाले, बोटवाले अजून सर्रास जुनीच वापरतात. बोटीचं तिकीट काढताना यादीत हॅवलॉक सापडलं नाही तर स्वराज द्वीप शोधा. खाली सोयीसाठी जुनीच नावं लिहिली आहेत.

तिकिटं कोणत्या क्रमाने काढायची

बहुतेक कुटुंबं विमान ठरवतात, मग हॉटेलं ठरवतात आणि शेवटी बोटी बघतात. क्रम उलटा हवा. विमान, मग बोटी, मग हॉटेलं. बेटांवर खोल्या भरपूर आहेत. बोटीतल्या जागा मोजक्या आहेत. त्यातही पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक या मार्गावर दिवसाला बऱ्याच फेऱ्या असतात, पण हॅवलॉक ते नील या मधल्या टप्प्यावर कमी असतात. सगळ्या सहलीचं बिजागर हाच टप्पा. आधी हॅवलॉक-नीलची बोट कोणत्या दिवशी, किती वाजता मिळते ते पाहा आणि तिच्या मागे-पुढे बाकीचे दिवस बसवा. चारऐवजी सहा-आठ माणसं असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण एकाच बोटीत शेजारी शेजारी आठ जागा ऐन हंगामात शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत.

सहा रात्रींचा हिशेब असा धरा: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, पुढच्या तीन हॅवलॉक, एक नील आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. सातवी रात्र हाताशी असेल तर ती नीलला द्या. शेवटची पोर्ट ब्लेअरची रात्र वाया जाते असं वाटून ती कापण्याचा मोह होतो. ‘नीलहून सकाळची बोट दहाला पोहोचते, विमान एकचं आहे, जमेल की!’ समुद्र शांत असला तर जमतंही. वारा वाढला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात. बोटीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात, विमानाचे जातात, आणि ऐन हंगामात चौघांची परतीची तिकिटं आयत्या वेळी काढायची म्हणजे अख्ख्या सहलीइतका खर्च. बोट आणि विमान एकाच दिवशी नको, एवढा एक नियम तरी पाळाच.

हॉटेलं ठरवताना तारीख बदलून मिळते का, हे लेखी विचारून ठेवा. बोट रद्द झाली की नीलचं हॉटेल ‘तुम्ही आला नाहीत’ म्हणतं आणि हॅवलॉकचं हॉटेल जादा रात्रीचे पैसे मागतं. दोघांचंही काही चुकत नाही. फटका आपल्याला बसतो.

बोटी दोन प्रकारच्या. सरकारी जहाजं स्वस्त, संथ आणि मोकळी. डेकवर उभं राहून वारा खाता येतो, उडणारे मासे दिसतात. पण त्यांची तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात आणि जागांवर स्थानिक लोकांचाही हक्क असतो, त्यामुळे कुटुंबाने सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. खासगी बोटी वातानुकूलित, वेगवान. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड ते अडीच तास, हॅवलॉक ते नील साधारण तासभर, नील ते पोर्ट ब्लेअर दीड तासाच्या आसपास. लांबच्या टप्प्याला माणशी दीड हजार रुपयांच्या आसपास धरून चाला; वरच्या वर्गाला जास्त. वरचा वर्ग म्हणजे बऱ्याच बोटींत वरचा मजला. नजारा चांगला, पण हेलकावेही जास्त. ज्यांना बोट लागते त्यांनी जास्त पैसे मोजून हे दुखणं विकत घेऊ नये.

धक्क्यावर आणि बोटीत

सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर पोहोचायचं. प्रत्येकाचं फोटो असलेलं मूळ ओळखपत्र लागतं, मुलांचं आधार कार्डही बरोबर ठेवा. प्रवाशांची यादी बंदराकडे जाते, म्हणून तान्ह्या बाळाचंही नाव तिकिटावर घाला. सामान यंत्रातून जातं आणि मग बोटीच्या पुढच्या भागात रचून ठेवतात. उतरताना सगळ्या काळ्या-निळ्या बॅगा सारख्याच दिसतात आणि धक्क्यावर एकच झुंबड उडते. बॅगेला भडक रंगाची चिंधी बांधा. लाटांचे तुषार सामानावर येऊ शकतात, तेव्हा कपडे आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत. औषधं, पाण्याची बाटली, मुलांचा एक कपड्यांचा जोड, बिस्किटं आणि चार रिकाम्या पिशव्या हातातल्या झोल्यात ठेवा. रिकाम्या पिशव्या कशाला, हे बोटीत कळेल.

बोट लागण्याबद्दल थोडं सविस्तर. कान सांगतो की शरीर हलतंय, डोळ्यांना मात्र बंद खोली स्थिर दिसते. या भांडणातून मळमळ होते. म्हणून मोबाइलवर कार्टून लावून मुलांना गप्प बसवण्याची युक्ती इथे उलटते. खिडकीतून क्षितिजाकडे पाहायला लावा. तिकीट काढताना जागा निवडता आली तर खालच्या मजल्यावरची, मध्याच्या थोडी मागची घ्या. पुढचं टोक सगळ्यात जास्त आपटतं. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. सकाळी इडली, कोरडा टोस्ट, केळं, खाकरा असं काहीतरी चालेल. हॉटेलच्या फुकट न्याहारीतले पुरी-भाजी आणि दुधाचा मोठा ग्लास टाळा. मळमळीची गोळी बोट सुटायच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. मुलांचं औषध आणि त्याचं प्रमाण घरच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. यातल्या काही गोळ्या दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात देत नाहीत. आल्याची वडी, आवळा सुपारी चघळायला बरी, पण समुद्र खवळलेला असेल तर तिच्यावर विसंबू नका.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो

घड्याळ आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं. सूर्य मात्र बराच पूर्वेचा. डिसेंबर-जानेवारीत पावणेसहाच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो. साडेपाचला अंधार. ‘सकाळी आरामात उठू, जेवून चारला किनाऱ्यावर जाऊ’ हा मुंबई-पुण्याचा बेत इथे फसतो, कारण पोहायला तासभरही उरत नाही. साडेपाचला उठा, सहाला पाण्यात असा, दहाला परत या, दुपारी झोपा आणि तीनला पुन्हा बाहेर पडा. मुलांना हा क्रम एका दिवसात पचतो. मोठ्यांना थोडा वेळ लागतो.

हॅवलॉक: किनारा कोणत्या बाजूला, हे आधी बघा

हॅवलॉकचे किनारे आकड्यांनी ओळखले जातात. धक्का उत्तरेला. तिथून पूर्व किनाऱ्याने खाली गेलं की तीन नंबर म्हणजे गोविंदनगर, पाच नंबर म्हणजे विजयनगर आणि त्याच्याही पुढे कालापत्थर. सात नंबरचं राधानगर पश्चिमेला, धक्क्यापासून साधारण १२ किलोमीटरवर. बहुतेक हॉटेलं पूर्व किनाऱ्यावर आहेत आणि त्यांच्या जाहिरातींत नारळाच्या बुंध्यापर्यंत हिरवं-निळं पाणी दिसतं. ते फोटो भरतीचे. ओहोटीला याच किनाऱ्यांवर पाणी दोन-तीनशे मीटर मागे सरकतं आणि समोर खडक, मेलेली पोवळी आणि चिखलाळ वाळू उरते. खेकडे, शंखातले किडे बघायला मुलांना ते झकास, पण पोहायचं नाव नको. दारातच समुद्र म्हणून जास्त भाडं भरणार असाल तर तुमच्या तारखांना दिवसाउजेडी भरती किती वाजता आहे, ते आधी पाहून घ्या.

पोहायला राधानगरच. लांबलचक पांढरी पुळण, हळूहळू खोल होत जाणारा तळ, पायाला खडक लागत नाहीत. ‘टाइम’ मासिकाने २००४ मध्ये याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृहं, जीवरक्षक आहेत. तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्यास्ताला इथे अख्खं बेट लोटतं. गर्दी नको असेल तर सकाळी सातला या; पाणी तेच, माणसं मूठभर.

इथल्या मगरींबद्दल हॉटेलवाले आपणहून बोलत नाहीत. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मोठी मगर आहे आणि ती खाड्यांतून समुद्रातही येते. २०१० मध्ये राधानगरच्या टोकाला, नील्स कोव्ह नावाच्या शांत खाडीसारख्या भागात, पाण्यात मासे पाहणाऱ्या एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा घटना फार क्वचित घडतात आणि राधानगरला आता देखरेखीची व्यवस्था आहे. तरी नियम सोपे आहेत: झेंड्यांच्या आत पोहा, ओढा किंवा खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे आणि कांदळवनाच्या आसपास पाण्यात उतरू नका, संधिप्रकाश झाला की बाहेर या, जीवरक्षकाची शिट्टी झाली की हुज्जत घालू नका.

एलिफंट बीच हे नाव स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मुखवटा आणि श्वासाची नळी लावून पालथं तरंगत पाण्याखालचं पाहण्यासाठी, सगळीकडे येतं. तिथे दोन वाटांनी जातात. धक्क्यावरून लहान बोटीने वीस-पंचवीस मिनिटं, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून सुमारे दोन किलोमीटर चालत. चालायची वाट सुंदर आहे, पण शेवटचा टप्पा चिखलाचा. सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं सहज करतात, कडेवरच्या बाळाला घेऊन नको. वाऱ्यामुळे किंवा अन्य कारणाने तिथली ये-जा बंद असू शकते, म्हणून आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा आणि सकाळची पहिली बोट पकडा. नऊनंतर पर्यटकांच्या झुंडी येतात, तळाची वाळू उसळते आणि पाणी धुरकट होतं. ठेक्यातल्या फुकट स्नॉर्केलिंगमध्ये एक माणूस रबरी ट्यूब ओढत तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणतो; जास्त वेळ हवा तर वेगळे पैसे. ते आधी ठरवा, पाण्यात घासाघीस करता येत नाही. जेट स्की, बनाना बोट वगैरे गोव्यात करा. इथे आलात ते पाण्याखालचं पाहायला.

मुखवट्याचं गणित. भाड्याचे मुखवटे मोठ्यांच्या मापाचे असतात आणि लहान मुलांच्या चेहऱ्यावर गळतात. मूल घाबरतं आणि पुन्हा पाण्यात यायला तयार होत नाही. सहलीतली सगळ्यात उपयोगी खरेदी म्हणजे मुलाच्या मापाचा साधा मुखवटा, घरूनच आणलेला. दुकानात पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मुखवटा चिकटून राहिला तर माप बरोबर. केसांची एक बट रबराखाली आली तरी पाणी शिरतं, आणि बाबांची मिशी हे गळतीचं नेहमीचं कारण. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट वाढते. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळून हलकं धुवायचं. अख्खा चेहरा झाकणारे मुखवटे दिसायला सोपे, पण उच्छ्वासाची हवा आत साठण्याचा धोका असल्याने मुलांना नकोत. एक सराव घरच्या जवळच्या तरणतलावात करून घेतला की इथले निम्मे रडे-ओरडे वाचतात. सनस्क्रीन लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा सदरा बरा: पालथं तरंगताना पाठ भाजून निघते, आणि मलमं पोवळ्यांनाही बाधतात. पोवळ्यांवर उभं राहू नका. ती जिवंत असतात, शिवाय त्यांनी झालेली जखम आठवडाभर चिघळते.

पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकाबरोबर स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, करता येतं. पहिल्या खेपेसाठी वय निदान १० आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर, प्रत्यक्षात बहुतेक त्याहून कमी. आधी एक आरोग्याचा अर्ज भरावा लागतो. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर खरं लिहा. सर्दी असेल तर नकोच. खाली जाताना नाक दाबून कानातला दाब सारखा करावा लागतो आणि सर्दीत ते होत नाही. कान ठणकतो, पडदा दुखावतो. घाईने खोल नेणाऱ्या प्रशिक्षकाला हाताने ‘वर’ अशी खूण करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्कूबानंतर निदान १८ तास विमान नाही, कारण रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून स्कूबा हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवशी उरकायचं, शेवटी ठेवायचं नाही.

भरती-ओहोटीचा हिशेब, आणि मग नील

कोकणातल्या घरांत अजून ठाऊक असलेला ठोकताळा म्हणजे तिथीची पाऊणपट: चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. तो कोकण किनाऱ्यापुरताच आहे. भरतीची लाट प्रत्येक बंदराला वेगळ्या वेळी पोहोचते, त्यामुळे अंदमानात हे पाढे जसेच्या तसे लावले तर फसगत होईल. पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता मोबाइलवर पाहा. दोन गोष्टी मात्र तशाच चालतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणजे वेळ रोज ५० मिनिटांनी पुढे सरकते. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा सगळ्यात कमी चढ-उतार. मुंबईत उधाणाच्या भरतीचे आकडे साडेचार मीटरच्या पुढे जातात, पोर्ट ब्लेअरला दोन मीटरच्या आसपास राहतात. फरक कमी असूनही पाणी एवढं लांब का जातं? तळ सपाट असतो म्हणून. पोवळ्यांच्या पठारावर मीटरभर पाणी उतरलं तरी शेकडो मीटर जमीन उघडी पडते.

नीलवर हा तक्ता जवळ नसेल तर सगळं उलटंसुलटं होतं. लक्ष्मणपूर दोन या किनाऱ्यावरची नैसर्गिक खडकाची कमान, जिला तिथे हावडा ब्रिज म्हणतात, ती ओहोटीलाच गाठता येते. पाणी उतरत असताना, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी चढू लागलं की परत फिरा. वाट शेवाळलेल्या खडकांवरून आणि मेलेल्या पोवळ्यांवरून जाते; चपला निसटतात, अनवाणी पाय कापतात. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल हव्यात. खडकांतल्या डबक्यांत तारामासे, समुद्रकाकड्या, खेकडे दिसतात. वाटाड्या तीन-चारशे रुपये घेऊन ते दाखवतो, आणि मुलं बरोबर असतील तर ते पैसे वसूल होतात. त्याच्याशिवाय समोरचा तारामासाही दिसत नाही. आजी-आजोबांनी मात्र किनाऱ्यावर शहाळं पीत बसावं. या खडकांवर मनगट मोडलं तर मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, बोटीच्या पलीकडे.

भरतपूर नेमकं उलटं. धक्क्याला लागूनच असलेल्या या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटी फिरतात, त्यांना पाणी हवं. ओहोटीला त्या नीट फिरू शकत नाहीत. म्हणून एकाच दिवशी एका वेळी कमान आणि दुसऱ्या वेळी भरतपूर, असा बेत आपोआप बसतो. पोहता न येणाऱ्या आजींना पोवळी दाखवायची तर हीच बोट. सूर्योदयाला सीतापूर, सूर्यास्ताला लक्ष्मणपूर एक. सीतापूरला लाटा जोरदार असतात, मुलांना गुडघ्याच्या पुढे सोडू नका.

गावांची नावं अशी रामायणातली कशी, असा प्रश्न मुलं विचारतीलच. हॅवलॉक आणि नीलवर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारने वसवलं आणि वस्त्यांना ही नावं मिळाली. म्हणून इथलं साधं जेवण बंगाली वळणाचं: भात, डाळ, बेगुन भाजा, मोहरीच्या तेलातला मासा. नील हे अंदमानचं भाजीचं बेट, त्यामुळे शाकाहाऱ्यांचीही पंचाईत होत नाही. मासे खाणाऱ्यांनी सुरमई घरी खावी आणि इथे कोकारी मागावा. लॉबस्टर वजनावर विकतात. दर विचारताना वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हेही विचारा. बिलावरचे वाद तिथेच होतात.

नील लहान आणि सपाट आहे, सायकलने सगळं होतं. हॅवलॉकला स्कूटर मिळते, पण राधानगरचा रस्ता वळणांचा आणि रात्री काळोखाचा. दोन मुलं पुढे-मागे बसवून जाऊ नका, रिक्षा करा आणि परतीची वेळ ठरवून तिला थांबवून ठेवा. सूर्यास्तानंतर राधानगरला रिकामी रिक्षा मिळणं अवघड.

पोर्ट ब्लेअर

मराठी माणसाला सेल्युलर जेलबद्दल वेगळं सांगायला नको. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात शाखांपैकी तीन उरल्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर आता गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. ४ जुलै १९११ रोजी सावरकरांना इथे आणलं, थोरले बंधू बाबाराव त्याआधीच आलेले होते आणि १९२१ मध्ये दोघांना परत हिंदुस्थानात हलवलं. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, जिना चढून लांब चालत जावं लागतं. गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी वर जावं आणि मग खालचा कोलू, फाशीघर पाहावं. दुपारी मध्ये बंद असण्याची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी तपासून घ्या. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं हंगामात लवकर संपतात. कार्यक्रम उघड्यावर असतो, डास मनसोक्त चावतात.

रॉस बेट पंधरा मिनिटांच्या बोटीवर. बुधवारी बंद. वडाच्या मुळांनी गिळलेल्या ब्रिटिश इमारती आणि माणसांना न घाबरणारी हरणं, मुलांना दोन तास पुरतात. नॉर्थ बेची जोडसहल बोटवाले गळ्यात मारतात. जुन्या लाल २० रुपयांच्या नोटेवर जे नारळाचं दृश्य होतं ते तिथलंच, पण हॅवलॉकला जाणार असाल तर पुन्हा तेच जलक्रीडांचे ठेके बघायची गरज नाही.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा मात्र लहान मुलांबरोबर सरळ वगळा. पहाटे तीन-चारला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यात शिरण्यासाठी रांग लावायची, मग जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून न थांबता जायचं आणि संध्याकाळी थकून परतायचं. त्या रस्त्यावर फोटो काढणं, थांबणं, काही देणं हे सगळं गुन्हा आहे, आणि तो नियम योग्यच आहे. गाडीच्या काचेतून माणसं बघायला मिळतील या आशेने तिथे जाणारे अजूनही आहेत, त्यांच्यात आपली भर नको.

बारीकसारीक

२०२०च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची इंटरनेट केबल सुरू झाल्यापासून मोबाइल बराच चालतो, तरी नीलवर मधूनच गायब होतो. मोबाइलवरून पैसे देण्यावर सगळी भिस्त ठेवू नका. एटीएम थोडी आहेत आणि शनिवार-रविवारी रिकामी सापडतात. पोर्ट ब्लेअरहून निघतानाच चार-पाच दिवसांची रोकड काढून घ्या. बोटीची तिकिटं, ओळखपत्रं यांच्या छापील प्रती ठेवा.

किनाऱ्यावर वाळूत बारीक चिलटं असतात. चावल्यावर लगेच कळत नाही, रात्री पाय खाजून खाजून सुजतात. ओल्या वाळूवर थेट लोळू नका, चटई अंथरा. पोटऱ्यांना खोबरेल तेलाचा जाड थर लावला तर चिलटं कमी चावतात. खाज कमी करणारी गोळी आणि मलम, तापाचं औषध, जलसंजीवनीची पाकिटं, पट्ट्या हे सगळं मुंबई-पुण्याहूनच न्या. दोन्ही बेटांवर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, पण मुलांच्या चवीचं नेमकं ते सिरप संध्याकाळी सातला मिळेलच असं नाही.

शेवटच्या दिवशी बॅगा भरताना मुलांचे खिसे आणि खेळण्यांच्या बादल्या तपासा. पोवळ्याचा मेलेला तुकडासुद्धा बेटांबाहेर नेता येत नाही. पोवळी आणि कितीतरी जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर यंत्रात ते स्पष्ट दिसतात. बॅग उघडायला लावतात, माल जप्त होतो, कधी प्रकरण वनखात्यापर्यंत जातं, आणि मागे रांग वाढत राहते. शोभेचे शंख हवेच असतील तर परवाना असलेल्या दुकानातून घ्या आणि त्याचं बिल हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही.